मेसच्या दोन जेवणांमधली भूक

धाराशिव जिल्ह्यातून पुण्यात येऊन नवी पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या आणि राज्यसेवेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे: सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत अभ्यासिकेत बसावे लागते, खोलीवर गॅस ठेवण्यास घरमालकांची परवानगी नाही, मेस दोन वेळची आहे आणि मधल्या भुकेला चहा, बिस्किटे किंवा वडापाव यांवर रोज 70 ते 80 रुपये खर्च होतात. तरीही दुपारी जेवल्यावर पेंग येते, संध्याकाळी छातीत जळजळते, रात्री अकराला पुन्हा भूक लागते आणि काही महिन्यांपासून केस फार गळू लागले आहेत. वय 23, वजन 52 किलो. कमी पैशांत, झटपट होणारे आणि अंगी लागणारे काय खावे, असे त्यांनी विचारले आहे.

पेठांमधील विद्यार्थ्यांना आहारविषयक सल्ला देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे आणि या तक्रारी मला जवळजवळ याच क्रमाने ऐकायला मिळतात. त्यामुळे पदार्थांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुमच्या बाबतीत मधल्या वेळचे खाणे म्हणजे जिभेची हौस नव्हे, तर मेसच्या ताटात जे कमी पडते ते भरून काढण्याची जागा आहे. म्हणून ‘कोणता पदार्थ पौष्टिक’ हे विचारण्याआधी ‘माझ्या ताटात काय कमी आहे’ हे पाहायला हवे, आणि त्यासाठी थोडा हिशेब मांडावा लागेल.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. 52 किलो वजनाला हा आकडा साधारण 43 ग्रॅम होतो. आता मेसच्या दोन्ही वेळच्या जेवणात मिळून पाच-सहा पोळ्या, दोन वाट्या भात, पातळ आमटी किंवा वरण आणि एक बटाट्याची, कोबीची वा दुधीची भाजी असे धरले, तर प्रथिने फार तर 25 ते 30 ग्रॅमपर्यंत जातात. ज्या दिवशी उसळ असते त्या दिवशी थोडी भर पडते. म्हणजे रोज सुमारे 15 ग्रॅमची तूट राहते. ती तूट चहा-बिस्किटांनी भरत नाही, कारण 100 ग्रॅम साध्या ग्लुकोज बिस्किटांत जेमतेम सात ग्रॅम प्रथिने असतात आणि जवळपास चौथा हिस्सा साखर असते. पोट तासभर भरल्यासारखे वाटते आणि पुन्हा रिकामे होते. रात्री अकराची तुमची भूक ही बहुधा दिवसभरात साठत आलेली भूक आहे.

या तुटीवरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी खटपटीचा उपाय म्हणजे फुटाणे आणि शेंगदाणे. 50 ग्रॅम फुटाण्यांतून साधारण दहा ग्रॅम आणि 30 ग्रॅम शेंगदाण्यांतून सात-साडेसात ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे वरची तूट एवढ्यानेच भरून निघते. पोळी-भातातील प्रथिनांमध्ये लायसीन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते आणि ते हरभऱ्यात भरपूर असते, त्यामुळे ही जोडी मेसच्या जेवणाला नेमकी पूरक ठरते. फुटाणे सालासकट खावेत, कारण तंतू सालात असतात आणि पोट जास्त वेळ भरलेले राहते ते त्यांमुळे. खारे, मसाला लावलेले किंवा तळलेले दाणे घेऊ नयेत, कारण मेसच्या जेवणात आणि बाहेरच्या खाण्यात मीठ आधीच पुरेसे असते. पाकीटबंद माल घेण्यापेक्षा भडभुंज्याकडून किंवा खप चांगला असलेल्या किराणा दुकानातून आठवड्यापुरता सुटा माल घ्यावा. दाणे कडवट, खवट किंवा काळपट लागले तर ते थुंकून टाकावेत, पुढे खाऊ नयेत. दमट हवेत शेंगदाण्यांवर वाढणारी बुरशी यकृताला अपाय करणारे विष तयार करते आणि ते भाजल्यानेही पूर्ण जात नाही. पावसाळ्यात यासाठीच माल थोडा थोडा आणावा आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावा.

प्रश्न कधी खायचे याचाही आहे, किंबहुना माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे. तुम्ही सकाळी काही न खाता चहा घेऊन अभ्यासिकेत जाता आणि एक वाजता जेवता. रात्रीचे जेवण नऊच्या सुमारास धरले तर पोट जवळजवळ सोळा तास अन्नावाचून राहते, आणि त्या रिकाम्या पोटावर दोन-तीन चहा होतात. जळजळीचे मूळ पुष्कळदा इथे असते. मग एक वाजता भूक अनावर झालेली असल्यामुळे ताटभर भात घाईघाईने खाल्ला जातो आणि दोन वाजता पुस्तकावर मान पडते. हे चक्र दुपारी तुटत नाही, ते सकाळीच तोडावे लागते.

सकाळी गॅसशिवाय जे होते त्यात दहीपोहे मला सर्वांत सोयीचे वाटतात. पातळ पोहे एक मोठी वाटी, त्यावर पाण्याचा हबका मारून पाच मिनिटे ठेवावेत, मग अर्धी वाटी दही, चिमूटभर मीठ आणि दोन चमचे शेंगदाण्याचे कूट घालून कालवावे. घरचे मेतकूट असेल तर एक चमचा तेही घालावे. त्यात भाजलेल्या डाळी असल्यामुळे चव आणि प्रथिने दोन्ही वाढतात. दही रोज सकाळी ताजे आणि लागेल तेवढेच आणावे, कारण खोलीवर फ्रीज नसतो. दुसरा पर्याय सातूच्या पिठाचा. गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजून दळलेले हे पीठ ताकात मीठ-जिरे घालून किंवा दुधात थोडा गूळ घालून कालवले की चार मिनिटांत न्याहारी होते. विदेशी नावाच्या डबाबंद न्याहारीवर पैसे घालवण्याची तुम्हाला काहीही आवश्यकता नाही. सातूच्या पिठात तिच्यापेक्षा कमी काही नसते आणि साखर किती घालायची हे आपल्या हातात राहते.

तुम्ही धाराशिवच्या आहात याचा एक मोठा फायदा आहे आणि तो तुम्ही घेत नाही आहात असे दिसते. तुमच्याकडची ज्वारीची कडक भाकरी नीट वाळवलेली असेल तर कित्येक दिवस टिकते, आणि सोबत शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची किंवा तिळाची चटणी असली की तिच्या तोडीचे संध्याकाळचे खाणे पेठेतल्या कोणत्याही गाडीवर मिळणार नाही. ज्वारीमुळे तंतू मिळतात, शेंगचटणीमुळे प्रथिने, तिळामुळे चांगल्या प्रमाणात कॅल्शियम, आणि जवसातला ओमेगा-3 प्रकारचा स्निग्धांश शाकाहारी माणसाला फार थोड्या पदार्थांतून मिळतो. कडक भाकरी चुरून दह्यात भिजवली तर पाच वाजताच्या भुकेला पुरेशी होते. घरून कोणी येणार असेल किंवा एसटीने डबा येणार असेल तेव्हा शंकरपाळे-चिवड्याऐवजी या वस्तू पाठवायला घरी सांगावे. पुष्कळ मुलींना चारचौघींत भाकरी-चटणी काढायला संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे. परंतु हे खाणे आहारशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर क्रीमच्या बिस्किटांहून श्रेष्ठ आहे आणि ते अभिमानाने खावे.

सकाळी अकराच्या सुमारास मूठभर फुटाणे आणि एक फळ एवढे पुरे. फळांत केळे आणि पेरू यांना मी अग्रक्रम देतो. केळे बारा महिने मिळते, धुण्या-चिरण्याची कटकट नसते आणि पोटाला सौम्य असते. पेरूत संत्र्यापेक्षा कितीतरी अधिक क जीवनसत्त्व असते, आणि फुटाण्यांसारख्या वनस्पतिजन्य पदार्थातले लोह शरीरात शोषले जाण्यासाठी ते सोबत असणे फार उपयोगाचे असते. हिवाळ्यात आवळे स्वस्त होतात, तेव्हा रोज एक आवळा मिठाबरोबर खावा. पेरू नसेल त्या दिवशी फुटाण्यांवर लिंबू पिळले तरी काम होते. कापून ठेवलेली फळे गाडीवरून घेऊ नयेत, आणि जून ते सप्टेंबर या काळात तर मुळीच नाही. परीक्षेच्या तोंडावर कावीळ किंवा विषमज्वर झाला तर जाणारे आठवडे परत मिळत नाहीत. मंडईत संध्याकाळी उशिरा गेले तर फळे थोडी स्वस्त मिळतात, तेव्हा दोघी-तिघींनी मिळून घ्यावीत.

अंडी खात असाल तर संध्याकाळचे काम फारच सोपे होते. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने आणि बी-12 जीवनसत्त्व मिळते. अंडाबुर्जीच्या गाडीवर उकडलेली अंडी मिळतात. ती आपल्यासमोर सोललेली घ्यावीत. खोलीवर विजेची किटली चालत असेल तर अंडी पूर्ण बुडतील इतके पाणी उकळून, किटली बंद झाल्यावर झाकण न उघडता पंधरा मिनिटे तशीच ठेवली की अंडी होतात. घरमालकांची किटलीलाही परवानगी नसेल तर लपवून वापरू नये, कारण जुन्या वाड्यांमधील आणि इमारतींमधील वायरिंगवर असा भार टाकणे धोक्याचे असते. अंडी खात नसाल तर दही किंवा ताक रोज हवेच, कारण बी-12 वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही.

मोड आलेल्या कडधान्यांविषयी मला हटकून विचारले जाते. पौष्टिकतेबद्दल वाद नाही, पण गॅस नसलेल्या खोलीवर मटकीला मोड आणून ती कच्ची खाण्याच्या फंदात पडू नये असेच मी सांगेन. ज्या उबेत आणि ओलाव्यात मोड येतात त्यातच जंतूही वाढतात, आणि वाफवल्याशिवाय ते मरत नाहीत. मेसमध्ये उसळ असेल त्या दिवशी भात कमी घेऊन उसळ पुन्हा मागून घ्यावी. महिन्याचे पैसे भरलेले असतात, त्यात संकोच करू नये. गुळाबद्दलही थोडे सांगतो. गूळ-शेंगदाणे हे आपले जुने आणि चांगले खाणे आहे, मात्र गूळ हा मुख्यतः साखरच आहे आणि त्यातून मिळणाऱ्या लोहावर विसंबून राहण्याइतके ते प्रमाण नसते. सुपारीएवढा खडा पुरे. राजगिऱ्याचा लाडू रात्रीच्या भुकेला चांगला, पण तोही एकच.

आता पैशांचे. भाव दुकानागणिक आणि हंगामागणिक बदलतात, तरी अंदाज देतो. 50 ग्रॅम फुटाणे आणि 30 ग्रॅम शेंगदाणे मिळून 13 ते 15 रुपये, फळ 10 ते 15, दही 10 ते 15, आणि टपरीवरचे दोन चहा 20 ते 25 रुपये. बेरीज 53 ते 70 होते, म्हणजे तुमच्या आताच्या खर्चाच्या आतच. चहाचे पाच कप दोनवर आले की उरलेल्या तीन कपांच्या पैशांत फळ आणि दही बसते, आणि वडापावाची गरज आपोआप कमी होते. महिन्यातून दोन-चार वेळा मैत्रिणींबरोबर वडापाव खाल्ल्याने काही बिघडत नाही. तो रोजचे जेवण होऊ नये एवढेच.

चहा सोडा असे मी म्हणणार नाही. दिवसभर एकट्याने बसून वाचणाऱ्या माणसाला टपरीवरची ती दहा मिनिटे माणसांत नेतात आणि त्यांची किंमत मला कळते. मात्र तीन पथ्ये पाळावीत. रिकाम्या पोटी चहा नको. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको, कारण त्यातील टॅनिन अन्नातले लोह शोषू देत नाही. आणि दुपारी चारनंतर चहा-कॉफी नको, कारण पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीराबाहेर पडायला सरासरी पाचेक तास लागतात. रात्री नऊच्या कपाचा परिणाम मध्यरात्रीनंतरही टिकतो. संध्याकाळी टपरीवर जावे, गप्पा माराव्यात आणि चहाऐवजी लिंबूपाणी किंवा ताक घ्यावे.

दुपारच्या पेंगेसाठी जेवणाचा क्रम बदलून पाहा. आधी कोशिंबीर किंवा काकडी-गाजर, मग भाजी-आमटीबरोबर पोळी, आणि शेवटी भात, तोही एक वाटी. मेसमध्ये कोशिंबीर मिळत नसेल तर धुतलेले गाजर किंवा काकडी सोबत न्यावी. जेवून लगेच खुर्चीत बसण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटे चालावे. स्नायू हालत असले की जेवणानंतर रक्तातील साखर एकदम चढत नाही. त्याउपर झोप आलीच तर टेबलावर डोके ठेवून वीस मिनिटे झोपण्यात गैर काही नाही, पण ती झोप तासावर जाऊ देऊ नये.

रविवारी संध्याकाळी पुण्यातल्या बहुतेक मेस बंद असतात, आणि आठवडाभर सांभाळलेले पोट त्या एका वेळी बिघडते. त्या दिवसासाठी दडपे पोहे करावेत: पातळ पोहे, बारीक चिरलेला कांदा आणि टोमॅटो, लिंबू, कोथिंबीर, भरपूर दाण्याचे कूट आणि मिळाल्यास ओले खोबरे. फोडणी नसली तरी चालते. वर ताक प्यावे. बाहेरच जेवायचे असेल तर इडली-सांबार किंवा थालीपीठ-दही असे काही घ्यावे.

केस गळण्याकडे मात्र केवळ खाण्याचा प्रश्न म्हणून पाहू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. तुमच्या वयाच्या स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे, पुरुषाला 19. मासिक पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर तूट आणखी वाढते. म्हणून एकदा हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), बी-12 आणि थायरॉईड या तपासण्या डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्याव्यात. ससून रुग्णालयात किंवा महापालिकेच्या दवाखान्यांत गेल्यास खर्च कमी येतो. कोणत्या तपासण्या तिथे होतात ते आधी विचारून जावे. अहवालात कमतरता निघाली तर गोळ्या घ्याव्या लागतील, केवळ फुटाण्यांनी ती भरून निघणार नाही. लोहाच्या गोळ्या चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नयेत, लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात. त्यांनी शौचाचा रंग काळपट होतो, त्याला घाबरू नये. गोळ्यांना पूरक म्हणून एक चमचा अळीव दोन तास पाण्यात भिजवून लिंबू पिळून घेता येईल. जाहिरातीतल्या केसांच्या गोळ्यांवर तपासणीआधी एक रुपयाही खर्च करू नका. जळजळ दोन-तीन आठवड्यांत कमी झाली नाही, किंवा गिळताना त्रास, उलट्या, वजन घटणे असे काही असेल, तर दुकानातून पित्ताच्या गोळ्या आणत राहण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावे.

स्वतःची काळजी या विषयात मी झोपेला आहाराच्याही वर ठेवतो. वाचलेले झोपेतच पक्के होते. जागून चार पाने जास्त वाचून ती दुसऱ्या दिवशी न आठवणे हा तोट्याचा व्यवहार आहे. झोपण्याची वेळ थोडी मागेपुढे झाली तरी चालेल, उठण्याची वेळ ठरलेली असावी आणि झोप सात तासांच्या खाली जाऊ नये. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूर पाहणे, तासाभराने उठून मान-खांदे हलवणे, पाण्याची बाटली रोज घासणे आणि लघवी फिकट पिवळी राहील इतके पाणी पिणे, या लहान गोष्टी आहेत, पण रोज व्हायला हव्यात.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य ओझरते आले आहे की, निकालानंतर काही दिवस जेवणच जात नव्हते. मी त्याकडे दुर्लक्ष करणार नाही. भूक मरणे, झोप उडणे, कशातच मन न लागणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर ते आळसाचे किंवा मनाच्या दुबळेपणाचे लक्षण नसते, त्यावर उपचार असतात. केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. घरी सांगणे जड वाटत असेल तर आधी तिथे बोलावे.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा तपासण्यांचे आकडे, मेसमध्ये आठवड्यातून किती वेळा उसळ आणि पालेभाजी असते, आणि अंडी चालतात की नाही, एवढे कळवा. म्हणजे फुटाणे-दह्याचे प्रमाण तुमच्या ताटाप्रमाणे बदलून सांगता येईल. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासावे. केस गळणे त्याआधी थांबले नाही तरी गोळ्या मध्येच सोडू नयेत, कारण केसांच्या मुळांवर परिणाम दिसायला रक्तापेक्षा अधिक वेळ लागतो.